कॉलेजातल्या आवडत्या वर्गात ऐकलेली आणि अजून पाठ असलेली वाक्यं

खाडीपल्याड

नमस्कार मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. कॉलेजात एखादा तरी तास असा असतो ना की पाऊस असो, लोकलचा बोऱ्या वाजलेला असो, आपण तो चुकवत नाही. त्या तासाला ऐकलेली वाक्यं इथे लिहूया. शिक्षकांची, मुलांची, लॅबमधल्या काकांची, कुणाचीही चालतील. फक्त शिक्षकांची आणि कॉलेजांची नावं नको, कारण प्रत्येकाला आपलं नाव असं नेटवर आलेलं आवडेलच असं नाही.

माझा तास भूगोलाचा. ठाण्यातलं सकाळचं कॉलेज, ७:२० चं पहिलं लेक्चर, साल २००८ ते २०११. मॅडम पन्नाशीच्या, आवाज खणखणीत, आणि पर्समध्ये कायम बेसाल्टचा (थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक) एक तुकडा ज्याच्यात झिओलाइट नावाच्या खनिजाचे पांढरे स्फटिक होते. पहिल्याच दिवशी तो दगड टेबलावर ठेवून म्हणाल्या, "हा पारसिकच्या डोंगराचा पाहुणा. याचं वय साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं. हा आज माझ्याबरोबर ७:२० ला वर्गात हजर आहे. तुमच्यातले अर्धे अजून प्लॅटफॉर्मवर आहेत."

उशिरा येणाऱ्यांवर मॅडमचा अख्खा अभ्यासक्रम होता असं म्हटलं तरी चालेल. भरती-ओहोटी शिकवताना म्हणाल्या, "भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. ती चंद्राच्या वेळेने चालते म्हणून तिला माफ आहे. तुम्ही मध्य रेल्वेच्या वेळेने चालता, तुम्हाला माफी नाही." एकाने लगेच मागून "मॅडम मध्य रेल्वेपण चंद्राच्याच वेळेने चालते" असं म्हटलं आणि मॅडम स्वतः इतक्या हसल्या की त्यांना फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

आणि रेल्वेवरूनच अजून एक, जे मला सगळ्यात आवडतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ते आपल्याला सगळ्यांना माहितीये, ठाणेकर तर ते सांगितल्याशिवाय राहत नाहीत. मॅडम म्हणाल्या, "त्या गाडीला १४ डबे होते, ४०० माणसं होती, आणि ओढायला ३ इंजिनं होती. इथे ७० डबे आहेत आणि इंजिन मी एकटी. तेव्हा निदान ब्रेक तरी लावू नका." तेवढ्यात शेवटच्या बाकावरून लोणच्याचा वास आला. मॅडम न वळता, "आणि त्यातला एक डबा आत्ता उघडा आहे."

अजून बरीच आहेत, पण आधी तुमची येऊ द्या.

सेक्टर_सतरा

हाहाहा "ब्रेक तरी लावू नका" भारीच. मी सिव्हिलवाला, नवी मुंबईतलं कॉलेज, आमचा आवडता तास सॉइल मेकॅनिक्स. ऐकायला कोरडा विषय वाटतो पण नवी मुंबईत शिकताना तो कोरडा राहूच शकत नाही, कारण आपल्या पायाखाली खाडीचा चिखल आहे, मरीन क्ले. भरणी करून त्याच्यावर शहर उभं केलंय, मग सर रोज खिडकीबाहेर बोट दाखवून शिकवायचे.

त्यांचं सेटलमेंटवरचं लेक्चर मी जन्मात विसरणार नाही. म्हणाले, "तुमच्या घरी सगळ्यांची एकच इच्छा असते, मुलगा सेटल झाला पाहिजे. इंजिनिअरची इच्छा असते की बिल्डिंग सेटल होऊ नये. पण चिखलावर बांधलं की थोडी खचणारच, आणि सगळी बिल्डिंग सारखी खचली तर माणूस निभावून नेतो. गोची कधी होते? एक कोपरा सेटल झाला आणि दुसरा झाला नाही. दोन भावांचं पण तसंच. एक सेटल झाला, दुसरा राहिला, की घराला तडे." डिफरेन्शियल सेटलमेंटची व्याख्या मी परीक्षेत पुस्तकातली लिहिली पण डोक्यात दोन भाऊच होते. आजही साइटवर भिंतीला तिरकी चीर दिसली की मी पहिल्यांदा बघतो कुठला भाऊ खाली गेलाय.

एका मुलाने विचारलं की सर मग पिसाचा मनोरा इतकी शतकं कसा उभा आहे. सर म्हणाले की ११७३ साली बांधायला घेतला, थोडा वर गेल्यावर लगेच कलायला लागला, मधे लढायांमुळे काम वर्षानुवर्षं बंद पडलं आणि तेवढ्या वेळात खालच्या मातीतलं पाणी हळूहळू निघून माती घट्ट झाली. सलग बांधला असता तर बहुतेक पडलाच असता. "म्हणजे काम रखडल्यामुळे वाचलेली जगातली बहुतेक एकमेव इमारत. पण हे तुमच्या काँट्रॅक्टरला सांगू नका. आणि मनोरा कलला तर जग बघायला येतं, तुमची बिल्डिंग कलली तर महापालिका बघायला येईल."

ट्रायल_बॅलन्स

काँट्रॅक्टरला सांगू नका +१

आम्ही कॉमर्सवाले, आमच्याकडे विनोद कमी आणि बेरजा जास्त. पण अकाउंट्सचे सर होते एक. ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंची बेरीज सारखी येते का ते बघायचा तक्ता, जुळत नसला की मुलं रडकुंडीला येतात हे सगळ्या कॉमर्सवाल्यांना माहिती असेल. सर येऊन शांतपणे विचारायचे, फरक किती? ५४. "नऊने भाग जातो का बघ." जातो सर. "मग कुठेतरी आकडे उलटे लिहिलेस, ७१ चे १७ केलेस." आणि खरंच तसंच निघायचं, म्हणजे जादूच वाटायची. मग एकदा एकाचा फरक निघाला ४३, भाग जाईना. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाग गेला तर आकडे उलटे. नाही गेला तर चहा पिऊन ये, मग परत पहिल्यापासून."

मी आता बँकेत आहे, हा नऊचा नियम मी नवीन पोरांना अजून शिकवतो, चहासकट.

वकीलसाहेबा

धागा मस्त, वाचतेय. माझं लॉ ठाण्यात झालं, संध्याकाळी नोकरी करून यायचो सगळे, दमलेले असायचो, आणि तशात टॉर्ट्सचा तास, म्हणजे कुणाच्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाईचा कायदा. कंटाळा यायला हवा होता पण सरांनी पहिल्याच दिवशी गोगलगाय आणली. खरी नाही, केसमधली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेझली गावात एका बाईंना मैत्रिणीने कॅफेत जिंजर बिअर घेऊन दिली, बाटली गडद काचेची, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. अर्धी प्यायल्यावर उरलेली ओतली तर त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली असं त्यांचं म्हणणं. बाई आजारी पडल्या. बाटली विकत घेतली मैत्रिणीने, म्हणजे या बाईंचा दुकानदाराशी करार नाही आणि कंपनीशीही नाही, मग दावा लावायचा कुणावर? थेट कंपनीवर लावला. १९३२ ला हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, ३ विरुद्ध २ मतांनी ठरवलं की माल बनवणाऱ्याने तो शेवटी वापरणाऱ्या माणसाची काळजी घेतलीच पाहिजे, मधे करार असो नसो. डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन. निष्काळजीपणाचा आजचा सगळा कायदा तिथून पुढे वाढला, आपल्याकडेही शिकवताना तिथूनच सुरुवात होते.

तर सर म्हणाले, "आपल्याकडे म्हणतात गोगलगाय अन् पोटात पाय. हिचं काय झालं? गोगलगाय बाटलीत अन् पाय थेट लंडनच्या कोर्टात." आणि पुढचं ऐका. ती केस नंतर पैसे देऊन मिटली, त्यामुळे बाटलीत गोगलगाय खरंच होती का हे कोर्टात कधी सिद्धच झालं नाही. सर हजेरीपट घेऊन उभे. "जी गोगलगाय होती की नाही हे आजवर कुणाला ठाऊक नाही, तिचं नाव जगातल्या प्रत्येक लॉ कॉलेजात घेतलं जातं. तुम्ही तर खरोखर अस्तित्वात आहात. तरी मी नाव घेतलं की उत्तर येत नाही."

त्या दिवसापासून जो गैरहजर असेल त्याच्या नावाला सगळा वर्ग एकसुरात "गोगलगाय सर" म्हणायचा. आमचा एक मित्र आता मॅजिस्ट्रेट आहे, त्याला आम्ही अजूनही खासगीत गोगलगायच म्हणतो, त्याला आवडतं.

तिवर

मॅजिस्ट्रेट गोगलगाय!! 😂😂

आमच्या केमिस्ट्री लॅबचे काका. शिक्षक नव्हते, लॅब असिस्टंट, पण बी.एस्सी.च्या तिन्ही वर्षांत सॉल्ट ॲनालिसिस (दिलेला क्षार कुठला ते ओळखणं) मी शिकले ते त्यांच्याकडून. परीक्षेत आम्ही हळूच विचारायचो, काका कुठला सॉल्ट आहे हो. काका खूप विचार करून, इकडेतिकडे बघून, कानाशी येऊन सांगायचे, "पांढरा."

त्यांचा एक मंत्र होता आणि आमच्या बॅचला तो आरतीसारखा पाठ आहे: "निळं दिसलं तर कॉपर, हिरवं दिसलं तर निकेल, डोळ्यात पाणी आलं तर अमोनिया, आणि काहीच झालं नाही तर बाळा टेस्ट ट्यूब रिकामी आहे."

आणि ॲसिड पातळ करताना नेहमी ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, कारण सल्फ्युरिकमध्ये पाणी पडलं की इतकी उष्णता निघते की ते उकळून अंगावर उडतं. हे फळ्यावर लाल खडूने लिहिलेलं असायचं पण आमच्या डोक्यात राहिलं ते काकांचं वाक्य. "पाण्याच्या घरी ॲसिड पाहुणा म्हणून जातं. सावकाश, धारेनं, कडेनं. उलटं केलंस तर पाहुणचार तोंडावर होईल." आमच्या लॅबमध्ये त्या काळात कुणाला कधी भाजलं नाही. मी स्वतः आता ज्युनिअर कॉलेजला शिकवते आणि हेच वाक्य जसंच्या तसं वापरते, काकांचं म्हणूनच सांगते.

शेवटचा_बाक

खाडीपल्याड, एक विचारू का. त्या दगडावर एका बाजूला पेनाने तारीख लिहिलेली होती का? आणि मॅडम नकाशा गुंडाळून छडीसारखा हातात धरायच्या?

असेल तर मी पण त्यांचाच विद्यार्थी, २०१३ ची बॅच. आमच्या वेळीही ३ इंजिनं आणि १४ डबे होते, फक्त वर्गातले डबे ८० झाले होते.

माझ्याकडून घ्या. पर्जन्यछाया शिकवत होत्या. ढग घाटमाथ्यावर चढताना सगळा पाऊस तिथेच टाकतात, महाबळेश्वरला धो धो, आणि पलीकडे माण-खटावला पोचेपर्यंत ढग रिकामे. मॅडम वर्गावरून नकाशा फिरवत म्हणाल्या, "पहिला बाक महाबळेश्वर. माझं सगळं इथेच पडतं. मधले बाक वाई. आणि तो शेवटचा बाक माणदेश, तिथे वर्षानुवर्षं काही पोचलेलं नाही."

आता आमच्या शेवटच्या बाकावर एक मुलगा होता, कळव्याला मामाकडे राहायचा. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम मी खरंच दहिवडीचा आहे." अख्खा वर्ग फुटला. मॅडम पण हसल्या, पण मग त्यांनी त्याला पुढे बोलावलं आणि तो उरलेला तास त्यालाच शिकवायला लावला. टँकर कधी येतो, गुरांची छावणी म्हणजे काय, विहिरीला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत असतं, मेंढरं घेऊन लोक कुठे जातात. आम्ही ठाण्या-डोंबिवलीची पोरं, नळ सोडला की पाणी, आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तास संपल्यावर मॅडम त्याला म्हणाल्या, "उद्यापासून तू महाबळेश्वरला बसायचं." तो पूर्ण वर्ष पहिल्या बाकावर बसला आणि मी त्याच्या शेजारी बसायला लागलो, कारण मैत्री झाली. आयडी मात्र जुनाच ठेवलाय.

खाडीपल्याड

अगं बाई!! हो, त्याच! तारीख होतीच, दगड कुठल्या सहलीत उचलला त्याची. नाव नको लिहूस पण मला फार म्हणजे फार आनंद झालाय.

मग आता अजून लिहितेच. आमच्या वेळी एकजण टिटवाळ्याहून यायचा, कायम अर्धा-पाऊण तास उशीर. प्रमाणवेळेचा धडा झाला. भारताची प्रमाणवेळ ८२°३०' पूर्व रेखावृत्तावरून, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या मागे. पूर्वी मुंबईची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे, आणि १९०६ ला देशाची वेळ एक झाली तरी मुंबई महापालिकेने आपली वेळ काही सोडली नाही. दुसऱ्या दिवशी हा आठला आला. मॅडमनी घड्याळ दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम मी मुंबई टाइमने अगदी वेळेवर आहे."

वर्ग शांत. सगळ्यांना वाटलं आता काही खरं नाही. मॅडम म्हणाल्या, "मुंबई टाइम १९५५ ला बंद झाला. शिवाय हे ठाणं आहे. आणि ३९ मिनिटं वजा केली तरी तू एक मिनिट उशिरा आहेस. बस." त्याला त्या दिवशी हजेरी मिळाली, कारण त्याने आदल्या दिवशीचा धडा वापरला होता. हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि पुढच्या महिनाभर प्रत्येक उशिरा येणारा दारात उभा राहून काहीतरी भौगोलिक कारण शोधायचा. एक मुलगी म्हणाली, "मॅडम पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मी विरुद्ध दिशेने येत होते." चालत नाही म्हणाल्या, हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते, तू पण. बाहेर.

परीक्षेतलं पण एक. सुपरव्हिजनला मॅडम. कोरिऑलिसमुळे, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याच्या परिणामामुळे, उत्तर गोलार्धात वारे उजवीकडे वळतात हे शिकून झालेलं. मॅडम पेपर चालू असताना एवढंच म्हणाल्या, "वारे वळतात ते ठीक आहे. मानांवर कोरिऑलिस लागू होत नाही."

ट्रायल_बॅलन्स

"मानांवर कोरिऑलिस" 👏👏 हे मी ऑफिसात सांगितलं, कुणाला कोरिऑलिस माहीत नव्हतं, मग ते आधी समजावलं आणि मग सगळे हसले.

गणिताची_वही

सगळे हसतायत, छान वाटतंय वाचायला, पण मला थोडं वेगळं लिहायचंय, रागावू नका.

आमच्याकडेही एक सर होते ज्यांचे विनोद पूर्ण कॉलेजात प्रसिद्ध होते. नवी मुंबईतलं कॉलेज, गणिताचा तास. ते पेपर वाटताना मार्क मोठ्याने वाचायचे आणि प्रत्येकावर एक वाक्य टाकायचे. मी मराठी माध्यमातून आलेली, माझा प्रश्न इंग्रजीत नीट जुळला नाही तेव्हा ते माझी नक्कल करून म्हणाले की हिचं आधी भाषांतर करून घ्या मग गणित करू. वर्ग हसला. माझ्या मैत्रिणी पण हसल्या. त्यांचंही काही चुकलं असं नाही, वाक्य तसं हसण्यासारखंच होतं. पण मी त्यानंतर त्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही आणि गणित माझा सगळ्यात आवडता विषय होता.

तेच वाक्य कुणीतरी आमच्या बॅचच्या ग्रुपवर "आठवणी" म्हणून टाकतं अधूनमधून. मला अजूनही ते वाचवत नाही.

वकीलसाहेबा

गणिताची वही, राग कसला, लिहिलंस ते फार बरं केलंस. ग्रुपवर एकदा स्पष्ट सांग की हे टाकू नका. ऐकतील. नाही ऐकलं तर बाहेर पड त्या ग्रुपमधून, काही बिघडत नाही.

तिवर

+१. आणि मी शिक्षिका म्हणून सांगते, नक्कल करून वर्ग हसवणं सगळ्यात सोपं असतं. तीन सेकंदात वर्ग हातात येतो. म्हणून तर ते करायचं नसतं.

खाडीपल्याड

गणिताची वही, तू हे लिहिलंस म्हणून मी एक गोष्ट सांगते जी आधी लिहिणार नव्हते, कारण ती हसण्याची नाहीये.

आमच्या वर्गात एक मुलगा आसनगावहून यायचा. शहापूर तालुक्यातल्या आतल्या गावचा, पहाटे उठून स्टेशनपर्यंत यायचं मग लोकल. आश्रमशाळेतून शिकलेला. आमचा वर्ग इंग्रजी माध्यमाचा, पुस्तकं इंग्रजी. त्याने पहिल्या सहामाहीत एकदाही तोंड उघडलं नव्हतं. पारसिकच्या डोंगरापाशी फील्ड ट्रिप होती. तेव्हा फास्ट गाड्या १९१६ च्या त्या जुन्या बोगद्यातूनच जायच्या आणि मॅडम म्हणाल्या होत्या, "गाडी बोगद्यात शिरली की तुम्ही लाव्हाच्या थरांच्या पोटातून जाताय. आणि बोगद्यात सगळा डबा गप्प होतो हे मी बघितलंय, माझ्या वर्गाला असा एक बोगदा हवा." तर तिथे डोंगराचा कापलेला भाग दाखवून त्या थर समजावत होत्या आणि हा मुलगा एका दगडापाशी बसून राहिला होता. मॅडमनी विचारलं काय रे. त्याने इंग्रजीत सुरुवात केली, अडकला, परत सुरुवात केली, परत अडकला. दोघं-तिघं फिस्कन हसले.

मॅडम हसणाऱ्यांकडे बघितल्यासुद्धा नाहीत. त्याच्या शेजारी त्या उन्हात खाली बसल्या, साडी मातीत, आणि म्हणाल्या, "मराठीत विचार. गावच्या बोलीत विचार. खडकाला इंग्रजी येत नाही."

मग त्याने विचारलं की या थरात भोकं भोकं आहेत आणि याच्या खालच्यात नाहीत, असं का. आणि तो प्रश्न इतका बरोबर होता की पुढचा अर्धा तास त्याच्यावरच गेला. लाव्हा वर येतो तेव्हा त्यात वायूचे बुडबुडे असतात, ते वरच्या बाजूला गोळा होतात आणि थिजतात, म्हणून प्रत्येक थराचा माथा सच्छिद्र आणि मधला भाग घट्ट. भोकं दिसली की समजायचं एक थर संपला, दुसरा सुरू होतोय. मॅडमच्या पर्समधल्या दगडातले पांढरे स्फटिक पण अशाच भोकांमध्ये नंतर पाण्यामुळे तयार झालेले. म्हणजे मॅडम ज्याच्याबद्दल वर्षभर बोलत होत्या ते त्याने नुसतं बघून ओळखलं होतं.

"खडकाला इंग्रजी येत नाही" हे आमच्या बॅचचं ब्रीदवाक्य झालं, आम्ही ते वार्षिक अंकात छापलं. मॅडम उशिरा येणाऱ्याला बोलायच्या, झोपणाऱ्याला बोलायच्या, डबा उघडणाऱ्याला बोलायच्या. कुणाचे मार्क, कुणाची भाषा, कुणाचे कपडे यावर त्या एक शब्द कधी बोलल्या नाहीत. आम्ही इतकं हसायचो तरी त्या वर्गात बसायची कुणाला भीती वाटली नाही ती यामुळेच, असं मला अगदी मनापासून वाटतं.

गणिताची_वही

हे वाचून रडले थोडी. थँक्यू.

आणि ग्रुपवर लिहिलं आत्ताच. ज्याने टाकलं होतं त्याने काढलं आणि फोन केला.

सेक्टर_सतरा

बेस्ट!

खडकाला इंग्रजी येत नाही हे मी साइट ऑफिसच्या फळ्यावर लिहिणार आहे. आमच्याकडे मजूर खरी माहिती देतात, खोदताना पाणी कुठून आलं, माती कुठे बदलली, आणि नवीन इंजिनिअर रिपोर्ट बघत बसतात.

शेवटचा_बाक

मूड थोडा हलका करतो. उल्हास नदी. मॅडम नकाशावर दाखवत होत्या, "उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावतो, कर्जतला येतो, बदलापूरला येतो, कल्याणला येतो, ठाण्याच्या उत्तरेने वसईच्या खाडीत जातो. एवढं सगळं फिरतो. फक्त सोमवारी सकाळी तुमच्या चेहऱ्यावर येत नाही."

तिवर

आमच्या मराठीच्या बाईंचं एक राहिलंच, सेकंड लँग्वेज होती. मागच्या बाकावर दोघी सतत बोलायच्या. "तुम्ही दोघी द्वंद्व समास, दोन्ही पदं प्रधान. आणि तो कोपऱ्यातला अव्ययीभाव, वर्ष संपलं तरी त्याच्यात काही बदल नाही."

घणसोलीची

सगळं एका दमात वाचून काढलं. माझी मुलगी आठवीत आहे, तिला ते भरतीचं वाक्य वाचून दाखवलं तर तिने विचारलं की भरती ५० मिनिटंच उशिरा का येते, तास का नाही. मला सांगता आलं नाही. कुणी सांगेल का सोप्या भाषेत? आणि तिला फ्लेमिंगो बघायला न्यायचंय, कधी जावं?

खाडीपल्याड

सांगते ना. पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी होईपर्यंत चंद्रही आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो. तो परत डोक्यावर यायला पृथ्वीला अजून थोडं फिरावं लागतं, त्याला लागतात साधारण ५० मिनिटं. म्हणून चंद्राचा दिवस २४ तास ५० मिनिटांचा. त्यात भरती दोनदा, म्हणजे दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं. मुलीला आठवडाभर भरतीच्या वेळा वहीत लिहायला सांग, पेपरात नाहीतर नेटवर मिळतात, तिचं तिलाच दिसेल.

फ्लेमिंगोंसाठी हिवाळा ते मेपर्यंत कधीही, पण उन्हाळ्याच्या तोंडावर गर्दी जास्त असते त्यांची. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ ला रामसर यादीतही (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आला. ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून सीझनमध्ये बोट असते. बोट भरतीचं पाणी बघून सोडतात त्यामुळे वेळ रोज बदलते, आधी फोन करून वेळ विचारून बुकिंग कर. दुर्बीण असेल तर घेऊन जा.

आणि तिथे तिला मॅडमचं हे सांग. फ्लेमिंगोची पिल्लं राखाडी असतात, मोठी होताना शेवाळ आणि बारीक जीव खाऊन त्यातल्या रंगद्रव्यामुळे गुलाबी होतात. मॅडम आम्हाला खाडीवर घेऊन गेल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, "जे खातो त्या रंगाचा होतो हा पक्षी. तुम्ही कँटीनमध्ये रोज शेजवान राइस खाता. जपा."

घणसोलीची

वही सुरू झाली आजपासून 😊 आणि शेजवान राइस हा तिचा जीव की प्राण आहे, लगेच आरशात बघून आली. बोटीला शनिवारी फोन करते.